कॅमेऱ्यांसाठी स्विच, एनव्हीआर आणि डिस्क निवडताना हिशेब रात्रीचा करा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. कारखान्याच्या आवारात १६ आयपी कॅमेरे, म्हणजे नेटवर्कच्या तारेवर चालणारे कॅमेरे, बसवायचे आहेत. त्यांतले १२ चार मेगापिक्सेलचे, ३ आठ मेगापिक्सेलचे आणि १ फिरता, म्हणजे पीटीझेड, तोही आठ मेगापिक्सेलचा. फाटक मुख्य इमारतीपासून १८० मीटरवर आहे आणि तिथे पीटीझेड धरून ४ कॅमेरे येतात. ३० दिवसांचं रेकॉर्डिंग हवंय. बसवणाऱ्याने दिलेल्या यादीत १२० वॅटचा १६ पोर्टचा पीओई स्विच (नेटवर्कच्या तारेतूनच कॅमेऱ्याला वीज देणारा), दोन डिस्क बसतील असा १६ चॅनेलचा एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र) आणि ८ टीबीची एक डिस्क आहे. फाटकाचे कॅमेरे स्विचच्या 'एक्स्टेंड मोड'वर (लांब तारेसाठीच्या सोयीवर) चालतील, असं त्याचं म्हणणं. यादी बरोबर आहे का, आणि एनव्हीआरऐवजी नॅस (नेटवर्कला जोडलेला डिस्कचा साठा) घ्यावा का, हे तुम्ही विचारलंय.

यादीतली कुठलीही वस्तू टाकाऊ नाही. अडचण एवढीच की ती दिवसाउजेडी केलेली यादी आहे. कॅमेऱ्यांची यंत्रणा दुपारी बसवली जाते, दुपारी दाखवली जाते आणि दुपारी पास होते. अंधार पडला की इन्फ्रारेड दिवे लागतात आणि कॅमेरा जास्त वीज खेचतो. अंधारातल्या चित्रात दाणे येतात, ते दाणे एन्कोडरला (चित्र आकसून पाठवणाऱ्या भागाला) हालचालीसारखे वाटतात आणि बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला निघणारा डेटा, चढतो. म्हणजे वीज, नेटवर्क आणि डिस्क या तिघांवरचा भार एकाच वेळी वाढतो. नेमक्या त्याच वेळेसाठी आपण हा सगळा खर्च करत असतो.

आधी डिस्क बघू, कारण तिथली चूक सगळ्यात मोठी आहे.

डिस्कच्या हिशेबात कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल थेट येत नाहीत, येतो तो बिटरेट. १ एमबीपीएसचा (सेकंदाला एक मेगाबिट; आठ बिट म्हणजे एक बाइट) प्रवाह दिवसभर चालू राहिला तर १०.८ जीबी होतात. हा एक आकडा पाठ ठेवा, बाकी सगळं त्यावरून निघतं. चार मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला एच.२६५ या व्हिडिओ आकसण्याच्या पद्धतीत ४ एमबीपीएस आणि आठ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला ८ एमबीपीएस धरा. हे आकडे उदार वाटतील, पण रात्र आणि पाऊस धरून केलेले आहेत. १२ चोक ४८ आणि ४ आठे ३२, एकूण ८० एमबीपीएस. दिवसाला ८६४ जीबी, ३० दिवसांना जवळजवळ २६ टीबी.

आता यादीतली ८ टीबीची डिस्क या हिशेबात किती दिवस पुरते? सव्वानऊ.

उलटा हिशेब केला तर यादी करणाऱ्याच्या मनातला आकडाही सापडतो. ८ टीबी ३० दिवसांत आणि १६ कॅमेऱ्यांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे दीड एमबीपीएस येतात. हा आकडा त्याने बहुधा कंपनीच्या कॅल्क्युलेटरमधून घेतला असणार, 'स्मार्ट' कोडेक (स्थिर दृश्यात डेटा कमी करणारी सोय) चालू आणि दृश्य शांत असं गृहीत धरून. स्मार्ट कोडेक खोटा नाही. रिकाम्या गोदामात, जिथे तासन्‌तास काही हलत नाही, तिथे तो खरोखर खूप जागा वाचवतो. पण तुमच्या फाटकावर ट्रक ये-जा करणार, मागे झाडं हलणार, रात्री दिव्याभोवती किडे फिरणार. अशा दृश्यात वाचवण्यासारखं फारसं उरत नाही. चित्राची गुणवत्ता न घालवता एवढ्या कमी बिटरेटमध्ये गाडीचा नंबर वाचता येईल, अशी आशा मी ठेवणार नाही.

मला स्वतःला हा धडा एका गोदामाने दिला. कागदावर ३० दिवस होते. २० दिवसांपूर्वी गेलेल्या मालाचं रेकॉर्डिंग मालक मागायला आले, तेव्हा एनव्हीआरमध्ये सर्वांत जुनी तारीख ११ दिवसांपूर्वीची निघाली. डिस्क ठणठणीत होती, कॅमेरे चालू होते, कुठे लाल दिवा नव्हता. जागा संपली की एनव्हीआर गुपचूप जुनं पुसून नवं लिहितो, त्याची तक्रार तो करत नाही. तेव्हापासून मी कॅल्क्युलेटरवर विसंबत नाही. एक कॅमेरा जागेवर लावतो, एक पूर्ण रात्र रेकॉर्ड करतो आणि फाइलींचा आकार मोजतो. तुम्हालाही हेच करता येईल. फाटकावरचा एक आणि आतला एक असे दोन कॅमेरे आधी लावून बघा.

बिटरेट कमी करायचा तर प्रामाणिक मार्ग दोन-तीन आहेत. फ्रेम २५ ऐवजी १५ करा. माणसं आणि गाड्या ओळखायला १५ पुरतात. मात्र फ्रेम ४० टक्के कमी केल्या म्हणून बिटरेटही ४० टक्के कमी होईल असं समजू नका. फ्रेममधलं अंतर वाढलं की प्रत्येक फ्रेममधला फरकही वाढतो, त्यामुळे बचत बरीच कमी होते. बिटरेट 'व्हेरिएबल' ठेवा, पण त्याला वरची मर्यादा घाला. ती मर्यादाच तुमच्या डिस्कच्या हिशेबातला आकडा. हालचालीवर रेकॉर्डिंग आतल्या शांत जागी चालेल. फाटकावर मात्र सलग ठेवा, कारण हालचाल ओळखायला कॅमेऱ्याला उशीर झाला तर हवा तो क्षण निसटतो.

तर २६ टीबीवर २० टक्के वर धरा, ३१ टीबी. म्हणजे ८ टीबीच्या ४ डिस्क, एकूण ३२. (एनव्हीआरच्या पडद्यावर ८ टीबीची डिस्क ७.२७ दिसेल. कोणी फसवलेलं नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, बरीच सॉफ्टवेअर १०२४ च्या. वरचा सगळा हिशेब हजाराच्या पटीत केलाय, त्यामुळे तो जुळतो.) दोन डिस्कचा एनव्हीआर इथेच बाद होतो. चार डिस्क बसतील असाच घ्या आणि एका कप्प्यात जास्तीत जास्त किती टीबीची डिस्क चालते, तेही विचारून घ्या. जुन्या मॉडेलांमध्ये ही मर्यादा अनपेक्षितपणे कमी असते.

डिस्कचा प्रकार. संगणकातली साधी डिस्क लावू नका, हे सगळेच सांगतात. कारण फारसं कोणी सांगत नाही. साध्या डिस्कला एखादी जागा वाचता आली नाही तर ती हट्टाने पुन्हापुन्हा प्रयत्न करते, कारण तिच्या दृष्टीने तुमची फाइल वाचवणं सर्वांत महत्त्वाचं. पाळतीसाठीच्या डिस्कची प्राथमिकता वेगळी असते. एखादी फ्रेम खराब गेली तरी चालेल, पण १६ कॅमेऱ्यांचं लिहिणं अडता कामा नये, म्हणून ती लवकर नाद सोडते. शिवाय ती चोवीस तास फिरण्यासाठी बनवलेली असते. डब्ल्यूडी पर्पल, सीगेट स्कायहॉक आणि तोशिबा एस३०० ही या वर्गातली माहितीची नावं.

या डिस्कच्या पत्रकात 'वर्कलोड' नावाचा एक आकडा असतो, तो वाचायची सवय लावा. पर्पल आणि स्कायहॉकच्या साध्या श्रेणीत तो वर्षाला १८० टीबी असतो, वरच्या श्रेणीत ५५०. तुमचे कॅमेरे वर्षाला सुमारे ३१५ टीबी लिहिणार. म्हणजे यादीतली एकुलती एक डिस्क नुसती अपुरी नव्हती, तिच्यावर मर्यादेच्या पावणेदोन पट ओझंही पडलं असतं. तेच ओझं चार डिस्कमध्ये वाटलं की प्रत्येकीला ७९ टीबी येतात, निम्म्याहूनही कमी. डिस्क वाढवण्याचं हे दुसरं कारण, जे कॅल्क्युलेटर दाखवत नाही.

आता रेड, म्हणजे अनेक डिस्कचा संच करून एखादी मेली तरी डेटा टिकवायची पद्धत. इथे माझं मत अनेकांपेक्षा वेगळं आहे. १६ कॅमेऱ्यांच्या यंत्रणेत रेडला मी पहिला मान देत नाही. रेड नसलेला एनव्हीआर सहसा एक डिस्क भरली की दुसरीवर जातो. एखादी मेली तर त्या डिस्कवरचे साधारण नऊ दिवस जातात, बाकीचे राहतात आणि नवं रेकॉर्डिंग उरलेल्या डिस्कवर चालू राहतं. वाईट, पण मर्यादित. रेड ५ मध्ये एक डिस्क मेली तर काहीच जात नाही, पण नवी घालून संच पुन्हा बांधून होईपर्यंत दुसरी मेली तर सगळंच जातं. १२ टीबीची डिस्क २०० एमबी (मेगाबाइट) प्रतिसेकंद या वेगाने नुसती एकदा भरायची म्हटली तरी जवळजवळ १७ तास लागतात. तेही दुसरं काही चालू नसताना. एनव्हीआर त्याच वेळी ८० एमबीपीएस लिहितोय, तेव्हा एक-दोन दिवस सहज जातात. आणि सगळ्या डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेतलेल्या असल्या तर त्यांची वयंही सारखीच असतात, हे विसरू नका.

तरीही करारानुसार किंवा विमा कंपनीच्या अटीनुसार ३० दिवसांत एकही खंड चालणार नसेल, तर रेड घ्याच. १२ टीबीच्या ४ डिस्कवर रेड ५ केला तर ३६ टीबी वापरायला मिळतात. दोन डिस्क मेल्या तरी तगायचं असेल तर ८ टीबीच्या ६ डिस्कवर रेड ६, म्हणजे ३२ टीबी. मग आठ कप्प्यांचा एनव्हीआर लागेल आणि आवाज, उष्णता, कंप तिन्ही वाढतील. रेडसाठीच्या डिस्कमध्ये 'एसएमआर' नको, 'सीएमआर' हवं. एसएमआरमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात (सीएमआरमध्ये शेजारी-शेजारी), आणि संच पुन्हा बांधताना त्या डिस्क भयंकर रेंगाळतात. कुठली डिस्क कोणत्या प्रकारची, हे कंपनीच्या पत्रकात मॉडेल क्रमांकावरून बघा. खोक्यावर सहसा लिहिलेलं नसतं.

रेडवर पैसे घालण्याआधी मी दोन गोष्टी करीन. पहिली म्हणजे फाटकावरच्या चारही कॅमेऱ्यांत मेमरी कार्ड घालणं. सतत लिहिण्यासाठी बनवलेलं, 'हाय एन्ड्युरन्स' असं लिहिलेलं कार्ड घ्या, फोनमधलं नको. केबल तुटली किंवा एनव्हीआर बंद पडला तरी कॅमेरा स्वतःकडे लिहीत राहतो. काही जोड्यांमध्ये संपर्क परत आला की मधला तुकडा आपोआप एनव्हीआरमध्ये भरला जातो. ही सोय कॅमेरा आणि एनव्हीआर दोन्हीत लागते, म्हणून घेण्याआधी विचारा. दुसरी गोष्ट, एनव्हीआर पहारेकऱ्याच्या खोलीत टेबलावर ठेवायचा नाही. चोराने एनव्हीआरच उचलून नेला तर रेड ६ काय, रेड ६० असला तरी उपयोग शून्य. कुलूपबंद रॅक, हवा खेळती, आणि पहारेकऱ्याला फक्त पडदा. आपल्या धंद्यात 'तीस दिवसांचा बॅकअप' म्हणायची पद्धत आहे, पण तो बॅकअप नसतो, तो एकमेव साठा असतो. महत्त्वाचा प्रसंग घडला की ती क्लिप त्याच दिवशी दुसरीकडे काढून ठेवा.

एनव्हीआरचं पत्रक बघताना '१६ चॅनेल' या शब्दावर थांबू नका. 'इनकमिंग बँडविड्थ' नावाची ओळ शोधा. ८० एमबीपीएसवाली १६ चॅनेलची यंत्रं सर्रास मिळतात आणि तुमची गरज नेमकी ८० ची आहे. म्हणजे श्वास घ्यायला जागा नाही. १६० किंवा जास्त घ्या. दुसरी ओळ 'डीकोडिंग'ची. १६ कॅमेरे रेकॉर्ड करणारं यंत्र आठ मेगापिक्सेलची चित्रं एका वेळी दोन-चारच उलगडून दाखवू शकतं, हे अगदी सामान्य आहे. रोजच्या पाहणीत १६ चौकटी सबस्ट्रीमवर (कॅमेऱ्याच्या हलक्या, कमी स्पष्ट प्रवाहावर) चालतात म्हणून ते जाणवत नाही. घटनेनंतर चार मोठे कॅमेरे एकत्र मागे नेऊन बघायची वेळ येते तेव्हा चित्र अडखळायला लागतं.

आता स्विच आणि वीज.

पीओईचे आकडे आधी स्पष्ट करू. २००३ च्या मूळ मानकात, ८०२.३एएफमध्ये, पोर्टवर १५.४ वॅट असतात आणि १०० मीटर तारेच्या दुसऱ्या टोकाला १२.९५ ची खात्री असते. २००९ च्या ८०२.३एटीत, म्हणजे पीओई प्लसमध्ये, पोर्टवर ३० आणि कॅमेऱ्याशी २५.५. २०१८ च्या ८०२.३बीटीत ६० आणि ९० वॅटचे प्रकार आहेत, पण तुम्हाला त्याची गरज नाही. पीटीझेडला पीओई प्लस लागेल, बाकीच्यांना मूळ मानक पुरेल.

हे झालं एका पोर्टचं. स्विचचं एकूण बजेट ही वेगळी गोष्ट, आणि घोळ तिथेच होतो. तुमच्यासारख्या कॅमेऱ्यांचे साधारण आकडे घेऊ. चार मेगापिक्सेलचा कॅमेरा दिवसा ४ वॅट, दिवे लागल्यावर ७. आठ मेगापिक्सेलचा दिवसा ६, रात्री १२. पीटीझेड दिवसा १२, रात्री दिवे लावून फिरताना २४. दिवसाची बेरीज ७८ वॅट, रात्रीची १४४. स्विच १२० चा. दुपारी सगळे १६ कॅमेरे झकास चालणार, बसवणारा सही घेऊन जाणार आणि संध्याकाळी सात वाजता दोन-तीन कॅमेरे बंद पडणार. कॅमेरा बंद पडला की भार कमी होतो, स्विच त्याला पुन्हा वीज देतो, तो सुरू होतो, दिवे लावतो आणि पुन्हा पडतो. हा खेळ रात्रभर चालतो. सकाळी तंत्रज्ञ येतो तेव्हा सगळं ठीक. असे कॅमेरे 'खराब' म्हणून बदलून दिलेले मी पाहिलेत, दोष मात्र पत्रकातल्या एका ओळीत होता.

आणखी एक बारकावा. काही स्विच कॅमेरा प्रत्यक्षात किती वीज घेतो ते न बघता त्याच्या 'क्लास'नुसार (विजेच्या ठरलेल्या गटानुसार) बजेट राखून ठेवतात. ७ वॅटचा कॅमेरा क्लास ३ मध्ये येतो, म्हणून त्याच्या नावे १५.४ वॅट अडकतात. असे १२ कॅमेरे म्हणजे १८५ वॅट, प्रत्यक्ष वापर निम्मा असला तरी. मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचमध्ये ही पद्धत बहुधा बदलता येते, अनमॅनेज्डमध्ये जे आहे ते आहे. तुमच्या मुख्य इमारतीत १२ कॅमेरे राहतील (फाटकाचे ४ वेगळे करणार आहोत), त्यांचा (१० चार मेगापिक्सेलचे, २ आठचे) रात्रीचा खरा भार ९४ वॅट. तरी तिथे २०० वॅटच्या आसपासचा, १६ पोर्टचा पीओई प्लस स्विच घ्या, म्हणजे या भानगडीत पडायला नको. चार पोर्ट मोकळे राहतील, ते वर्षभरात भरतातच.

कॅमेऱ्यांचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असले तरी चालतात, कारण बहुतेक कॅमेऱ्यांचाच पोर्ट तेवढा असतो. पण स्विचकडून एनव्हीआरकडे जाणारा अपलिंक गिगाबिटच (१००० एमबीपीएसचा) हवा. 'एकूण ८० आणि पोर्ट १०० चा, म्हणजे बसतं' हा युक्तिवाद फसवा आहे. ८० ही सरासरी आहे. कॅमेरा दर एक-दोन सेकंदांनी एक संपूर्ण चित्र पाठवतो, त्याला आय-फ्रेम म्हणतात, आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल पाठवतो. आय-फ्रेम ४०० केबीची धरली आणि दुर्दैवाने १६ कॅमेऱ्यांच्या एकाच क्षणी आल्या, तर ६.४ एमबी एकदम दारात उभे राहतात. १०० एमबीपीएसच्या दारातून ते जायला अर्धा सेकंद लागतो, तोवर स्विचची स्मृती भरून पॅकेट (डेटाचे तुकडे) सांडतात आणि चित्रावर ओघळ येतात. गिगाबिटवर तेच काम सुमारे ५० मिलिसेकंदांत होतं. वीज जाऊन आल्यावर सगळे कॅमेरे एकाच वेळी सुरू होतात, त्यामुळे आय-फ्रेम जुळून येण्याची शक्यता खऱ्या जगात तितकीशी कमी नसते. एनव्हीआरच्या सेटिंगमध्ये प्रवाह यूडीपीऐवजी टीसीपीवर ठेवला तर सांडलेलं पॅकेट पुन्हा मागवलं जातं. मी नेहमी टीसीपीच ठेवतो.

एनव्हीआरच्या पाठीमागेच १६ पीओई पोर्ट असलेली यंत्रंही मिळतात. लहान घराला ती उत्तम. तुमच्याकडे सगळ्या तारा एका जागी ओढाव्या लागतील आणि एक यंत्र मेलं की वीजही जाईल, रेकॉर्डिंगही. वेगळा स्विचच बरा.

फाटकाचा प्रश्न सर्वांत रंजक आहे. एक्स्टेंड मोड खरा असतो, २५० मीटरपर्यंत सिग्नल जातोही, पण त्यासाठी पोर्टचा वेग १० एमबीपीएसवर उतरवावा लागतो. तुमचा आठ मेगापिक्सेलचा कॅमेरा एकटाच ८ मागतो, त्यात सबस्ट्रीम आणि आय-फ्रेमचे झटके आले की रस्ता तुंबला. शिवाय १८० मीटर तारेत वीज झिरपते. पीओई प्लसची २५.५ वॅटची खात्री १०० मीटरपुरती आहे, आणि पीटीझेडला २४ हवेत. हे जमणार नाही.

तिथे फायबर, म्हणजे काचेच्या धाग्यांची केबल टाका. सिंगल मोड, निदान चार धाग्यांची. दोन वापरा, दोन राखीव ठेवा. केबलमध्ये धागे वाढवणं स्वस्त, पुन्हा खणणं महाग. दोन्ही टोकांना एसएफपी खाच (फायबरचं मॉड्यूल बसवायची जागा) असलेले स्विच आणि १३१० नॅनोमीटरचे गिगाबिट एलएक्स मॉड्यूल. ती १० किलोमीटरसाठी असली तरी १८० मीटरवर बिनतक्रार चालतात. फाटकावर आठ पोर्टचा, १२० वॅटचा, औद्योगिक तापमानाला टिकणारा पीओई प्लस स्विच, बंद पेटीत. बंद पेटी उन्हात तापते, तेव्हा ऑफिससाठीचा स्विच तिथे लावू नका.

फायबरचं अंतरापेक्षा मोठं कारण वेगळं आहे. दोन इमारतींचं अर्थिंग सारखं नसतं. जवळ वीज कोसळली की त्यांच्या पातळीत क्षणभर प्रचंड फरक पडतो आणि मधली तांब्याची तार तो फरक थेट तुमच्या स्विचमध्ये आणून सोडते. काच वीज वाहत नाही, त्यामुळे फाटकावरचं फाटकावरच राहतं. फक्त केबल पोलादी चिलखताची असेल तर ते चिलखत नीट अर्थ करा, किंवा पाइपातून बिनधातूची केबल घ्या. नाहीतर दरवाजा बंद करून खिडकी उघडी ठेवल्यासारखं व्हायचं. इमारतीबाहेर खांबावर जाणाऱ्या तांब्याच्या तारांना सर्ज प्रोटेक्टर लावा.

तारेबद्दल एकच वाक्य, पण ठळक अक्षरांत वाचा: शुद्ध तांब्याचीच घ्या. 'सीसीए' म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तिचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, पीओईत व्होल्टेज पडतं, तार तापते आणि टोकं ठिसूळ होतात. चाकूने तार खरवडून बघा, आतून चंदेरी निघाली तर परत करा.

नॅस घ्यावा का? तुमच्याकडे संगणकाची आवड असलेला, यंत्रणा सांभाळणारा माणूस असेल तर नॅस किंवा सर्व्हर आणि त्यावर रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर हा जास्त लवचीक मार्ग आहे. डिस्क वाढवता येतात, निरनिराळ्या कंपन्यांचे कॅमेरे जोडता येतात. पण बहुतेक ठिकाणी कॅमेऱ्यागणिक परवाना घ्यावा लागतो, तो हिशेबात धरा. आणि हिशेबाच्या फाइली असलेल्या नॅसवरच कॅमेरेही चढवू नका. कॅमेऱ्यांचं लिहिणं अखंड असतं, बाकी सगळ्यांची गती बसते. असा माणूस नसेल तर सरळ एनव्हीआर. 'तज्ज्ञ नसतानाही चालत राहील' हा माझ्या लेखी मोठा गुण आहे.

कॅमेरे आणि एनव्हीआर वेगवेगळ्या कंपन्यांचे घेणार असाल तर ऑनव्हिफ (कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी जुळावीत म्हणून मानकं ठरवणारी संघटना) हे नाव शोधा. ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ साली ही संघटना सुरू केली. नुसतं 'ऑनव्हिफ सपोर्ट' पुरेसं नाही. प्रोफाइल एस एच.२६४ च्या काळातलं, एच.२६५ साठी प्रोफाइल टी बघा, कॅमेऱ्यातही आणि एनव्हीआरमध्येही. तरीही चित्र येईल, पण गाडी किंवा माणूस ओळखण्याच्या खास सोयी पोचतीलच असं नाही.

सुरक्षा. २०१६ साली मिराई नावाच्या बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या यंत्रांच्या फौजेने) कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. त्यांच्याच जोरावर २१ ऑक्टोबरला डाइन (Dyn) या कंपनीच्या डीएनएस सेवेवर (संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या) हल्ला झाला आणि मोठमोठी संकेतस्थळं काही तास पोचेनाशी झाली. म्हणून कॅमेऱ्यांचं जाळं ऑफिसच्या जाळ्यापासून वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच स्विचवर केलेल्या वेगळ्या आभासी जाळ्यावर) ठेवा. कॅमेऱ्यांना इंटरनेटकडे जाऊच देऊ नका. राउटरवर यूपीएनपी (बाहेरून आत येण्याचा रस्ता आपोआप उघडणारी सोय) बंद करा, पोर्ट फॉरवर्ड करून तो रस्ता हातानेही उघडू नका. घरून बघायचं असेल तर व्हीपीएन (सुरक्षित खासगी मार्ग). बाहेरून बघताना चार कॅमेऱ्यांच्या सबस्ट्रीमला २ एमबीपीएस अपलोड पुरतो. व्हीलॅनसाठी मॅनेज्ड स्विच लागतो, आणि त्याचा आणखी एक फायदा म्हणजे लटकलेला कॅमेरा जागेवर बसून बंद-चालू करता येतो. रात्री दोन वाजता शिडी लावण्यापेक्षा ते बरं. कॅमेऱ्यांना इंटरनेट नसल्यामुळे घड्याळ एनव्हीआरकडून घ्यायला लावा. दोन कॅमेऱ्यांत चार मिनिटांचा फरक असला तर पुढे चौकशीत त्या रेकॉर्डिंगची किंमत कमी होते.

यूपीएसही याच हिशेबाने. मुख्य इमारतीत कॅमेरे ९४, स्विच स्वतःसाठी १५, चार डिस्कचा एनव्हीआर ५०, म्हणजे साधारण १६० वॅट. १२ व्होल्ट ९ एएचच्या (अँपिअर-तास) दोन बॅटऱ्या म्हणजे कागदावर २१६ वॅट-तास, पण ती क्षमता २० तासांत हळूहळू रिकामी केली तर मिळते. पटकन ओढली की ६० टक्के धरा, म्हणजे पाऊण तास. तुमच्याकडे वीज त्याहून जास्त वेळ जात असेल तर बाहेरून मोठी बॅटरी जोडता येईल असा यूपीएस घ्या. फाटकावरच्या स्विचला स्वतंत्र लहान यूपीएस हवा, हे अनेकजण विसरतात. मग वीज गेली की आतले १२ कॅमेरे चालू आणि फाटक आंधळं.

शेवटी चाचणी, आणि ती हिशेब चुकता करण्याआधी. अंधार पडल्यावर या. सगळे दिवे लागू द्या, पीटीझेड फिरवत ठेवा आणि स्विचच्या पानावर एकूण वॅट बघा. एनव्हीआरवर एकूण इनकमिंग बिटरेट बघा. चालू रेकॉर्डिंगमध्ये मुख्य पुरवठा बंद करून यूपीएस किती वेळ खेचतो ते घड्याळ लावून मोजा. फाटकाची फायबर पाच मिनिटं काढून ठेवा, पुन्हा जोडा आणि ती पाच मिनिटं मेमरी कार्डावर सापडतात का ते शोधा. फाटकावरून गाडी आत न्या आणि तिचा नंबर थेट चित्रात न वाचता, रेकॉर्डिंगमध्ये जाऊन वाचा. मग बसवणाऱ्याशी एक गोष्ट लेखी ठरवा: थोडी रक्कम मागे राहील आणि ३१ व्या दिवशी तुम्ही दोघं मिळून एनव्हीआरमधली सर्वांत जुनी तारीख उघडून बघाल, सोळाही कॅमेऱ्यांची.

तुमचे दोन कॅमेरे एक रात्र चालवून जे आकडे येतील ते इथे टाका. ४ आणि ८ एमबीपीएसपेक्षा ते फार वेगळे निघाले, तर डिस्कचा हिशेब पुन्हा करून देतो.